रस्त्यावरून दिसतं ते कुणाचं?

ले कॉर्बुझिए हा वास्तुकार १९६५ मध्ये गेला. फ्रान्सच्या पूर्वेला रोंशां गावाजवळच्या टेकडीवर त्याने बांधलेलं एक छोटं चर्च आहे, आणि इकडे आपल्या चंडीगढला त्याचं विधानभवन, उच्च न्यायालय, सचिवालय. दोन्हीकडे तेच उघडंवाघडं काँक्रीट, दोन्हीमागे तोच हात. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याच्या ७ देशांतल्या १७ वास्तू एकदमच जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यात ही दोन्ही ठिकाणं आहेत. आता चंडीगढच्या विधानभवनाचा तुम्ही काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. विकिपीडियातली बहुतेक चित्रं जिथून येतात ते हे कोठार. फोटो तिथे सुखाने राहील. उद्या एखाद्या पाठ्यपुस्तकात, परवा कुणाच्या कॅलेंडरवर छापून येईल. मग रोंशांच्या चर्चचा फोटो चढवा. कॅमेरा तुमचा, प्रवासखर्च तुमचा, ऊन देवाचं. तरी कुणीतरी स्वयंसेवक त्यावर हरकतीची खूण लावेल, आठवडाभर चर्चा होईल आणि फोटो उतरवला जाईल. तो पुन्हा दिसू शकेल तो १ जानेवारी २०३६ रोजी.

ही तारीख कुणाच्या लहरीवर ठरलेली नाही. कॉपीराइटच्या कायद्यात इमारत ही कविता किंवा चित्रासारखीच एक कृती मानतात, वास्तुकार तिचा कर्ता. युरोपात कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो आणि तो वर्षअखेरीस संपतो, म्हणजे कॉर्बुझिएच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०३५ ला. आणि कायद्याच्या काटेकोर नजरेतून फोटो म्हणजे प्रत. इमारतीचीच प्रत, फक्त कागदावर किंवा पडद्यावर उतरवलेली. डोळ्यांनी पाहायला कुणाची ना नाही. पण जे पाहिलं ते टिपून चारचौघांत मांडलं, की प्रश्न उभा राहतो. हे तर्काला धरून शेवटपर्यंत नेलं तर एखाद्या नव्या शहरात वाढदिवसाचा फोटोसुद्धा काढता येणार नाही, कारण मागे कुणाची ना कुणाची इमारत असणारच.

म्हणून बऱ्याच देशांनी कायद्यात एक खिडकी ठेवली आहे. सार्वजनिक जागी कायमचं उभं असलेलं बांधकाम किंवा शिल्प कुणीही टिपावं, छापावं, विकावंसुद्धा. याला पॅनोरमाचं स्वातंत्र्य म्हणतात. त्याचं वय पाहून मी चकित झालो. पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली १८३९ मध्ये, आणि बव्हेरियाच्या कायद्यात इमारतींच्या बाह्य रूपाचं चित्रण मोकळं ठेवणारी तरतूद आली १८४० मध्ये. तेव्हा एक फोटो टिपायला कित्येक मिनिटं लागत, रस्त्यातली चालती माणसं त्यात उमटतसुद्धा नसत. त्या काळात, बहुधा चित्रकार आणि खोदचित्रं छापणारे डोळ्यांपुढे ठेवून, कुणीतरी हे कलम लिहून ठेवलं. आणि पावणेदोनशे वर्षांनी मोबाइलवाले त्याच्या आधाराने उभे आहेत.

पण ही खिडकी सगळीकडे नाही. युरोपीय संघाने २००१ मध्ये कॉपीराइटचा एक सामायिक निर्देश काढला, त्यात वीसेक सवलतींची यादी दिली आणि बहुतेक सवलती देशोदेशींच्या मर्जीवर सोडल्या. कुणी घेतली, कुणी अर्धी घेतली, कुणी घेतलीच नाही. परिणाम पाहायचा तर स्ट्रासबुर्गला जावं. हे शहर फ्रान्सचं. तिथून निघालेली ट्राम ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून काही मिनिटांत जर्मनीतल्या केल गावात पोचते. सीमेवर पासपोर्ट नाही, नाणं तेच. मात्र पुलाच्या पलीकडे नव्या इमारतीचा फोटो तुमचा, अलीकडे तो वास्तुकाराचा. आयफेल टॉवरची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते: गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये गेला, तेव्हा लोखंड केव्हाच मोकळं झालंय, पण रात्रीची रोषणाई ही वेगळी कलाकृती आहे, असा निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. थोडक्यात, सूर्य मावळला की टॉवरचा मालक बदलतो.

जर्मनी उदार, असं वाटेल. आहेही. पण उदार कायद्याच्या कडा कुठे संपतात ते ठरवताना तिथल्या न्यायाधीशांनी जो कीस काढलाय, तो वाचताना मी बराच वेळ हरवलो होतो. क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याने १९९५ च्या उन्हाळ्यात बर्लिनचं संसदभवन, राइश्टाग, चंदेरी कापडात गुंडाळलं होतं. दोन आठवडे ते तसं उभं होतं. त्याची पोस्टकार्डं कुणी छापली, वाद न्यायालयात गेला, आणि २००२ मध्ये निकाल लागला की ही कलाकृती सार्वजनिक जागी होती खरी, पण कायमची नव्हती, म्हणून सवलत नाही. पुढे व्हिएन्नातल्या हुंडर्टवासरच्या रंगीबेरंगी घराचा खटला. फोटो काढणाऱ्याने समोरच्या इमारतीतल्या एका खासगी फ्लॅटमधून तो टिपला होता. न्यायालय म्हणालं, रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसतं तेवढंच मोकळं. वरच्या मजल्यावरून दिसणारं त्यात येत नाही. म्हणजे घर तेच, फोटोही तसाच, फक्त कॅमेऱ्याची उंची बदलली की हक्क बदलला.

यापुढची पायरी तर थेट समुद्रात आहे. आयडा नावाच्या पर्यटन जहाजांच्या नाकाडावर मोठे लाल ओठ रंगवलेले असतात. ते चित्र म्हणजे कलाकृती, यावर वाद नव्हता. प्रश्न असा की जहाज आज या बंदरात, उद्या त्या. मग ‘कायमचं सार्वजनिक जागी’ हे कसं म्हणायचं? २०१७ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जहाज हललं तरी चालेल, त्याचं आयुष्य लोकांना दिसेल अशा जागीच जातं, फोटो मोकळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र ड्रोनवाल्यांची निराशा झाली. रूर भागात खाणींच्या राडारोड्याच्या टेकड्या आहेत, त्यांच्यावर कलाकारांनी शिल्पं उभारली आहेत. एका प्रकाशकाने त्यांचे ड्रोनमधून घेतलेले फोटो पुस्तकात छापले. न्यायालयाचा निकाल: आकाश हा रस्ता नव्हे. कायदा अजूनही पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतूनच शहराकडे बघतो.

इथे साधा प्रश्न पडतो. माणसं रोज लाखो फोटो काढतात, समाजमाध्यमांवर टाकतात, फ्रान्समध्येही टाकतात. कुणाला नोटीस येत नाही. मग विकिपीडियावाल्यांनाच एवढं सोवळं कशासाठी? याचं उत्तर कॉमन्सच्या मूळ अटीत आहे. तिथल्या प्रत्येक चित्राचा वापर कुणालाही, कशासाठीही करता आला पाहिजे, पैसे कमावण्यासाठीसुद्धा. ही अट पहिल्यांदा ऐकताना खटकते. फुकटचं घेऊन कुणी धंदा का करावा? पण जरा खोलात जा. शाळेच्या गाइडचा प्रकाशक धंदाच करतो. जिल्ह्याचं वर्तमानपत्र धंदाच करतं. जाहिराती लावून चालणारी एखाद्या प्राध्यापकाची व्याख्यानमालाही त्याच खात्यात मोडते. ‘फक्त बिगर-व्यापारी’ असा शिक्का मारला की यातल्या प्रत्येकाला आधी वकील गाठावा लागेल, आणि बहुतेक जण चित्रच गाळतील. फ्रान्सने २०१६ मध्ये डिजिटल प्रजासत्ताकाचा म्हणून जो कायदा केला, त्यात पॅनोरमाची सवलत दिली, पण ती खासगी व्यक्तींना आणि बिगर-व्यापारी वापरापुरती. कॉमन्सला तिचा शून्य उपयोग.

स्वयंसेवकांनी या अडचणीतून जी वाट काढली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत लोभस गोष्ट वाटते. कॉमन्सवरून उतरवलेला फोटो नष्ट होत नाही. तो सर्व्हरवर राहतो, फक्त लोकांपासून झाकला जातो. आणि त्याच्या हटवण्याच्या चर्चेवर एक वर्ग लावून ठेवतात: अमुक साली परत आणा. रोंशांसाठी २०३६. लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडचा वास्तुकार आय. एम. पै २०१९ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेला, त्याच्यासाठी २०९०. आज चाळिशीत असलेला जो स्वयंसेवक हा वर्ग लावतो, त्याला पक्कं ठाऊक असतं की तो दिवस आपण बघणार नाही. कुणीतरी असेल, तो बघेल, एवढ्या भरवशावर तो पुढच्या फाइलकडे वळतो. एरवी ज्या इंटरनेटवर मागच्या वर्षीची लिंक उघडत नाही, तिथे सत्तर वर्षांच्या मुदतीची कामं नोंदवून ठेवलेली आहेत!

दर १ जानेवारीला त्या वर्षाचा वर्ग उघडतात आणि झाकलेले फोटो परत येतात. त्यासाठी लागणारी माहितीही हीच मंडळी खणून काढतात. एखाद्या बेल्जियन शिल्पकाराचा मृत्यू नेमका कधी झाला, इमारत एकाने रचली की तिघांनी (तिघांनी असेल तर शेवटचा गेल्यापासून मोजायचं), पुतळा कायमचा आहे की प्रदर्शनापुरता. कायद्याचं एवढं बारीक वाचन पगारी वकीलसुद्धा हौसेने करणार नाहीत.

पण हौस कितीही असली तरी संसदेत हौशी टोपणनावांना कुणी बोलावत नाही. तिथे नोंदणी झालेली संस्था लागते. तिला पत्ता, अध्यक्ष आणि हिशेब लागतात. युरोपातल्या देशोदेशींच्या विकिमीडिया संस्था या गरजेतून पुढे आल्या. त्यांच्याबद्दल आपल्याकडे हमखास गैरसमज असतो की त्या विकिपीडिया ‘चालवतात’. तसं नाही. लेखात काय लिहायचं, यावर त्यांचा काडीचा अधिकार नाही. सर्व्हर आणि नाव अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनकडे. या संस्था सभासदांच्या आणि देणगीदारांच्या जोरावर उभ्या आहेत. संग्रहालयांशी बोलणं, शाळांत कार्यशाळा घेणं आणि कायदे बदलतात तेव्हा तिथे हजर असणं हे त्यांचं काम. बर्लिनची संस्था २००४ ची, आज तिचे १ लाखाहून अधिक सभासद आहेत. बाकीच्या बऱ्याच संस्था चार टेबलांच्या कार्यालयात मावतील एवढ्या. ब्रसेल्समध्ये या सगळ्यांची मिळून विकिमीडिया युरोप नावाची ना-नफा संस्था आहे. युरोपीय संघाच्या समित्यांत कुठल्या मसुद्यात कुठला शब्द घुसतोय, यावर डोळा ठेवणं हे तिचं रोजचं काम. कॉपीराइट, खासगीपणा, ऑनलाइन मजकुराबद्दल कुणाला जबाबदार धरायचं, अशी सगळी डिजिटल हक्कांची भानगड तिच्याकडे येते.

यातल्या एका संस्थेला चांगलाच चटका बसला. स्वीडनची विकिमीडिया स्वेरिये, स्थापना २००७. तिने एक संकेतस्थळ काढलं: देशभरच्या चौकांतली, बागांतली, स्थानकांतली शिल्पं नकाशावर. कुठे काय आहे, कुणी केलं, आणि फोटो. लोकांच्या पैशातून लोकांसाठी उभारलेली कला लोकांनाच सापडावी, यात कुणाचं काय बिघडणार? दृश्यकलावंतांच्या हक्कांची वसुली करणाऱ्या संघटनेने दावा लावला. स्वीडनच्या कायद्यात सार्वजनिक जागेतली कलाकृती चित्रित करायला परवानगी आहे. पोस्टकार्डं कित्येक पिढ्या विकली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल २०१६ रोजी कायद्याचा अर्थ सांगितला: एखाददुसरं चित्र काढणं वेगळं आणि अशा चित्रांचा खुला साठा इंटरनेटवर सर्वांना देणं वेगळं. अशा साठ्याला मोल असतं, ते मोल कलावंताचं. साठा करणाऱ्याने नफा कमावला की नाही हा मुद्दाच नाही. जुलै २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यानुसार संस्थेच्या विरोधात निकाल दिला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि दर वेळी एकाच जागी अडलो. पोस्टकार्ड विकून पैसे केले तर चालतं, पण फुकट नकाशा दिला तर चालत नाही. कायद्याच्या आतून पाहिलं तर या वाक्यात विसंगती नाही. संख्येने आणि पोचण्याच्या ताकदीने वस्तूचा जातधर्म बदलतो, असं न्यायालय म्हणतंय. तरीही चौकातला माणूस हे ऐकून डोकं खाजवेल, आणि ते खाजवणं रास्त आहे.

निकालाच्या आदल्याच वर्षी एक मोठी लढाई होऊन गेली होती. युरोपीय संसदेतल्या जर्मनीच्या पायरेट पक्षाच्या सदस्य युलिया रेडा कॉपीराइटवर अहवाल लिहीत होत्या. पॅनोरमाचं स्वातंत्र्य सगळ्या युरोपात सारखं असावं, अशी त्यांची सूचना. समितीत फ्रान्सचे जाँ-मारी काव्हादा यांनी दुरुस्ती आणली आणि सूचना शीर्षासन करून उभी राहिली: व्यापारी वापराला नेहमीच आधी परवानगी घ्यावी लागेल. जून २०१५ मध्ये समितीने ती मंजूरही केली. हा अहवाल म्हणजे कायदा नव्हे, सल्ला. पण उद्याचा कायदा अशाच सल्ल्यातून उगवतो. विकिपीडियाच्या मंडळींनी मग एक युक्ती केली. भाषणं देण्याऐवजी त्यांनी शहरांचे ओळखीचे फोटो घेतले आणि इमारतींच्या जागी काळा रंग भरून दाखवला. आकाशरेषेत भोकं पडलेली शहरं. एका छायाचित्रकाराने सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. ९ जुलै २०१५ ला मतदान झालं आणि दुरुस्ती पडली. पण रेडांची मूळ सूचनाही परत आली नाही. परिच्छेदच गळाला. सगळं जैसे थे.

मतदान झालं ते स्ट्रासबुर्गच्या संसदभवनात. १९९९ मध्ये सुरू झालेली ती भव्य गोल इमारत फ्रान्सच्या भूमीवर असल्यामुळे तिच्या फोटोलाही हाच कायदा लागू. खासदार आत बसून ज्यावर मत देत होते, ते त्यांच्या छपरालाच लागू होतं.

बेल्जियममध्ये मात्र यश आलं. ब्रसेल्सचं अटोमियम १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेलं: लोखंडाच्या स्फटिकाची रचना १६५ अब्ज पट मोठी केली तर कशी दिसेल, तसे ९ चकचकीत गोळे, उंची १०२ मीटर. अभियंता आंद्रे वाटरकेन २००५ मध्ये वारले, म्हणजे हक्क २०७५ अखेरपर्यंत. देशाच्या राजधानीची ओळख असलेली वास्तू, आणि विकिपीडियावर तिच्या जागी काळी आकृती! तिथली विकिमीडिया संस्था तेव्हा नुकतीच, २०१४ मध्ये स्थापन झालेली. बाकीच्यांबरोबर तिनेही हा विषय लावून धरला, संसदेने कायदा केला, आणि १५ जुलै २०१६ पासून बेल्जियममध्ये पॅनोरमाचं स्वातंत्र्य आलं. अटोमियमच्या फोटोंना ठरलेल्या मुदतीच्या साठ वर्षं आधी सुटका मिळाली.

दुसरी बाजू नाही असं नाही, आणि ती पोकळही नाही. शिल्पकाराला एकदाच मानधन मिळतं; त्याच्या शिल्पाचे मग आयुष्यभर चहाचे कप, टी-शर्ट, चुंबकं विकली जातात, त्यातला पैसाही त्याच्याकडे येत नाही. अमेरिकेत इमारतींचे फोटो मोकळे आहेत, पुतळ्यांचे नाहीत. तिथल्या टपाल खात्याने २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या कोरियन युद्धस्मारकातल्या सैनिकांचा फोटो तिकिटावर छापला, आणि शिल्पकार फ्रँक गेलॉर्ड यांनी खटला लढवून २०१३ मध्ये ६ लाख ८४ हजार डॉलरची भरपाई मिळवली. म्हाताऱ्या शिल्पकाराने सरकारकडून वाजवून पैसे घेतले, याचा मला मनातून आनंदच होतो. फक्त युरोपातल्या वसुलीचा फार मोठा वाटा चौकातल्या फोटोंतून येत असता, तर जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटन इथले वास्तुकार एव्हाना रस्त्यावर आले असते. तसं काही झालेलं दिसत नाही.

इटलीची तऱ्हा सगळ्यांहून न्यारी. तिथे कर्ता मरून पाचशे वर्षं झाली तरी सुटका नाही. सांस्कृतिक वारशाच्या २००४ च्या संहितेनुसार सरकारी ताब्यातल्या वारसा-वस्तूंच्या प्रतिमा व्यापारासाठी वापरायच्या तर परवानगी आणि शुल्क. लिओनार्दोच्या ‘व्हिट्रुव्हियन मॅन’चं जिगसॉ कोडं काढणाऱ्या एका जर्मन कंपनीला व्हेनिसच्या न्यायालयाने अडवलं, तर २०२४ मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयाने सांगितलं की इटलीचा हा हुकूम इटलीबाहेर चालणार नाही. अशा देशात ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ भरवायची कशी? ही स्मारकांच्या फोटोंची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी युरोपभर पसरून दीड लाखाहून अधिक फोटो गोळा करत गिनेस विक्रमात गेली. इटलीच्या संस्थेने २०१२ पासून त्यात उतरताना जो मार्ग धरला तो आपल्या सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल: नगरपालिकेला पत्र, संग्रहालयाला पत्र, चर्चला पत्र. तुमच्या ताब्यातल्या वास्तूचे फोटो मोकळेपणाने वापरायला हरकत नाही, असं लिहून द्या. कुणी देतं, कुणी वर्ष लावतं. ज्यांनी दिलं त्यांचाच घाट, त्यांचाच मनोरा स्पर्धेत.

आता आपलं घर. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ सवलतींचं. तिथे इमारतीचं चित्र वा फोटो काढून प्रसिद्ध करायला सरळ मोकळीक आहे. पुतळे आणि शिल्पंही मोकळी, अट एवढीच की ती सार्वजनिक जागी किंवा लोकांना जाता येईल अशा आवारात कायमची असावीत. व्यापारी-बिगरव्यापारी असला भेद नाही. या बाबतीत आपण फ्रान्स, इटलीच्या कितीतरी पुढे आहोत, आणि हे आपल्याला माहीतही नसतं. चार्ल्स कोरिया २०१५ मध्ये गेले. आपल्याकडे मुदत ६० वर्षांची, तेव्हा त्यांच्या रचनांवरचा हक्क २०७५ अखेरपर्यंत आहे. तरी मुंबईच्या पेडर रोडजवळची कांचनजंगा, पुण्यातली आयुका, पणजीची कला अकादमी, तिन्हींचे फोटो आजच्या आज कॉमन्सवर जाऊ शकतात.

पण कलम बारकाईने वाचलं तर एक फट सापडते, आणि ती थेट कुलाब्यात उघडते. सवलतीत शिल्प आहे, कारागिरीच्या कलावस्तू आहेत. रंगवलेलं चित्र नाही. कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी काढलेली माणसं कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघताहेत. पुतळे असते तर फोटो मोकळे असते. चित्रं आहेत म्हणून २०७१ अखेरपर्यंत थांबा. मारिओ २०११ मध्ये गेले. ससून डॉकच्या भिंतींवरची प्रचंड भित्तिचित्रंही याच खोड्यात अडकलेली, आणि त्यांचे कलाकार तर सुदैवाने हयात आहेत. म्हणजे साठ वर्षांची मोजणी अजून सुरूच व्हायची आहे. शहरात सगळ्यांत वेगाने वाढणारी सार्वजनिक कला आज भिंतीवरची आहे, आणि ज्ञानकोशात नेमकी तीच दिसणार नाही. शेजारचीच आणखी एक गंमत: ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क नोंदवला. तो वेगळा कायदा, गेटवेवर उभं राहून फोटो काढणाऱ्याला त्याची भीती नाही; पण त्या घुमटाची आकृती आपल्या मालाचं चिन्ह म्हणून वापराल तर गाठ आहे.

मुंबई विद्यापीठात नोव्हेंबर २०११ मध्ये विकिपीडियावाल्यांची पहिली भारतीय परिषद भरली होती, आणि मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू आहे. कॉमन्सवर फोटो चढवणारे मराठी हात कमी नाहीत. त्यातल्या कुणाला पुढचं काम हवं असेल, तर ते त्रिमितीचं आहे. कलम ५२ ने पुतळ्याचं चित्र, रेखाटन, खोदचित्र आणि फोटो मोकळे ठेवलेत. पुतळ्याचा पुतळा नाही. मोबाइल फिरवून घेतलेल्या स्कॅनमधून जो हुबेहूब साचा तयार होतो, तो फोटो की प्रत, याचं उत्तर १९५७ च्या मसुदाकारांनी कुठून द्यावं? पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी १९२८ मध्ये उभा केला. करमरकर मूळचे अलिबागजवळच्या सासवण्याचे, १९६७ मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०२८ पासून, पुतळ्याच्या शंभराव्या वर्षी, त्याचं त्रिमितीय प्रतिरूप कुणीही बनवावं, वाटावं, शाळेच्या प्रिंटरवर छापावं. स्कॅन करायला परवानगी मात्र आवारात शिरताना दारावरच्या पहारेकऱ्याकडे मागावी लागेल.